तारेला हळदकुंकू

आमच्या घरमालकांना कोणी विचारलं, "भाऊ, सध्या काय करून राहिले?" तर ते सरळ सांगायचे, "वाट पाहून राहिलो." कशाची, म्हणून विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो माणूस तासभर अडकलाच. मी शहाणी, मी विचारत नसे. पण माझं शिलाई मशीन त्यांच्या भिंतीला लागून, म्हणून न विचारताही सगळं कानावर पडायचं. वर्षानुवर्षं पडलं. आता ते नागपूरला लेकीकडे असतात. म्हटलं, आठवतंय तोवर लिहून काढावं. मी काही शिकलेली नाही बरं का. वर्तमानपत्रावर ब्लाउजची पेपरकटिंग करता करता वाचायला लागले, आणि अर्ध्या बातम्या तर मी बाहीच्या मुंढ्याच्या आकारात कापलेल्याच वाचल्यात. तेव्हा कुठं तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

गोंदियाहून मुर्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर. पुढं दोन गाळे. एक मी भाड्यानं घेतलेला, ब्लाउज आणि फॉल-पिकोचा. दुसरा त्यांनी कधीच कोणाला दिला नाही. मुर्रीत धानाची जमीन होती, ती ठेक्यानं लावलेली. पोटाची काळजी नव्हती. "तेच तर वाईट झालं," वहिनी म्हणायच्या. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी, माहेर सौंदडचं. "पोटाची काळजी असती तर हा माणूस सुधारला असता."

त्या दुसऱ्या गाळ्यात फक्त खेळ. आधी टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम होते. मग कॉम्प्युटर आले आणि सायबर कॅफे झाला. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि कॅफेत माश्या बसायला लागल्या. दरवेळी भाऊ पाटीला नवा रंग मारायचे, पण 'गेम' एवढा शब्द सोडून. त्यामुळे पाटी निळी, आणि मध्ये जुना पिवळा तुकडा, ठिगळ लावल्यासारखा. मी म्हटलं, "भाऊ, हे शिलाईच्या दुकानाला शोभते, तुमच्या नाही." तर म्हणाले, "बाकीचं बदलते जी. तेवढं नाही बदलत."

सायबर कॅफे सुरू केला तेव्हा सुतारानं प्लायवूडच्या खोपट्या करून दिल्या, प्रत्येकीला छोटं दार. भाऊंनी दुसऱ्या दिवशी स्वतः स्क्रू काढून सगळी दारं उतरवली. सुताराला राग आला. "साऱ्या गोंद्यात असेच असते भाऊ, लोकाले आडोसा लागते." "खेळ लपून खेळायची चीज नाही," भाऊ म्हणाले. "ज्याच्यापाशी पैसे नाही तो मागं उभा राहून पाहीन. पाहणं फुकट." त्यांच्याकडे खेळणारा एक आणि मागे उभे राहून शिकवणारे दहा, असंच चालायचं. "डावीकडं घे ना बे! डावीकडं!" मी इकडे काज करता करता नकळत डावीकडे झुकायची.

पण खेळ मोठे होत गेले आणि मशिनी म्हाताऱ्या. नवा गेम आला की जुनी मशीन धापा टाकायची. दरसाल नवी कोण घेईल? मग एक दिवस भाऊ माझ्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. हातात मोबाईल, चेहरा सोयरिक जमल्यासारखा.

"बाई, तुमच्या माहेरी धान पिकते ना?"

"पिकते."

"घरी राइस मिल आहे?"

"घरी कोण राइस मिल ठेवते भाऊ?"

"मंग तांदूळ कुठून आणता?"

"मिलमधून. दुसरा कुठून येईल?"

"बस!" त्यांनी माझ्या टेबलावर अशी थाप मारली की टाचण्यांची डबी सांडली. "खेळाचं तसंच होऊन राहिलं. मोठी मशीन तिकडं, मुंबईले म्हणा, मद्रासले म्हणा. आपल्या घरी फक्त टीव्ही आणि तार. इथं बटन दाबलं का तो धान तिकडं जाते, तिकडं भरडते, आणि चित्र बनून तांदूळ इकडं येते. घरी मशीन नाही, काही नाही. मुर्रीतल्या पोट्ट्याच्या घरीही तोच खेळ, मुंबईच्या शेठाच्या घरीही तोच. पोहोचलं?"

हे 'पोहोचलं?' त्यांचं जन्माचं. काहीही सांगितलं की विचारायचे आणि उत्तर आल्याशिवाय हलायचे नाहीत. चहात साखर कमी आहे हेसुद्धा. "साखर कमी आहे. पोहोचलं?" वहिनी आतून ओरडायच्या, "पोहोचलं! पण इकडून काही निघणार नाही!"

तर असा तो तारेवरून येणारा खेळ भाऊंनी आणला. त्याचं दुखणं एकच, आणि ते पहिल्याच दिवशी कळलं. धान जायला आणि तांदूळ यायला मधात रस्ता लागतो ना, तो वेळ. तुम्ही गाडी वळवता आत्ता, ती वळते जरा मागून. तेवढ्यात भिंत येते. बाकी लोकांनी दोन दिवसांत कंटाळून सोडलं. भाऊंनी मात्र स्वतःला सवय लावली. वळण येण्याच्या आधीच वळायचं. आणि ती सवय इतकी अंगात भिनली की स्कूटरवरही ते चौकाच्या कितीतरी आधी हात दाखवून वळायला लागले. एकदा वहिनींना घेऊन बाजारात निघाले आणि थेट कोणाच्या तरी अंगणात शिरले. वहिनी उतरल्या, त्या घरच्या बाईनं दिलेलं पाणी प्याल्या आणि रिक्षानं घरी आल्या. त्यानंतर त्या कधी मागे बसल्या नाहीत.

कंपन्यांनीही त्यांना कमी रडवलं नाही. पहिली होती परदेशातली. ती आपल्याकडे येणार, येणार, म्हणून भाऊ वाट पाहत होते आणि ती आपल्याकडे येण्याआधीच बंद पडली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. वहिनींना वाटलं, नात्यातलं कोणी गेलं.

"कोण गेलं जी?"

"कंपनी."

"इश्श! मी पांढरं लुगडं काढून ठेवलं."

दुसरी आली, चालली, भाऊंनी तिच्यावर आवडीचे खेळ विकत घेतले, आणि तीही एक दिवस आटोपली. खेळ तिच्यासोबत गेले. भाऊ माझ्याकडे येऊन बसले. मग म्हणाले, "मिल बंद झाली, समजलं. पण बाई, माझा धान आत होता ना?" आपण साडी फॉल लावायला टाकावी, दुकान उठून जावं आणि साडीही सोबत जावी, असं ते झालं. उरली ती हातात धरायची दोन्ही बाजूंनी बटनं असलेली वस्तू, जिला सगळे रिमोट म्हणत. जोडायला मागे काहीच नाही.

मग एक फुकटवाली सापडली, तिथं रांग लागायची. पडद्यावर यायचं की तुमच्या पुढं इतके लोक आहेत. भाऊ मांडीवर हात ठेवून शांतपणे बसायचे, रॉकेलच्या रांगेत बसल्यासारखे. मी म्हटलं, "घरात बसून रांग? हे कुठलं सुख भाऊ?" त्यावर ते खूश. "रांग आहे म्हणजे लोक आहेत. लोक आहेत म्हणजे ही गोष्ट मरत नाही. पोहोचलं?" तेवढ्यात नंबर आला, आणि त्याच क्षणी लाइट गेली.

समोर एक कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिथला माणूस हिंदीवाला, मनाचा चांगला, पण टोचणारा. एकदा रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "अंकल, किराए का मकान और किराए का गेम, कब खाली करना पड़े भरोसा नहीं. मशीन ले लो, अपनी चीज़ अपनी."

मी स्वतः भाडेकरू, मला ते जरा लागलंच. पण भाऊ म्हणाले, "तेरी मशीन ले सकते ऐसे मोहल्ले में कितने घर हैं, बता. बाकी लोग क्या खेलें? ठेंगा?"

"वो मेरा टेंशन थोड़ी है अंकल."

"मेरा है ना."

तो माणूस हसला आणि त्यांच्याच बाकावर बसून त्यांचाच चहा पिऊन गेला. पुढं रोज यायला लागला. स्वतःच्या दुकानातली महाग मशीन सोडून इथं अडखळत चालणारा खेळ बघायला. का आणि काऊन, ते त्यालाच ठाऊक.

आता तुम्हाला दसऱ्याचं सांगते, म्हणजे माणूस कळेल. दसऱ्याला आम्ही सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतो. मी मशीन पुसून, तेल देऊन, कात्रीला कुंकू लावते. समोरचा आपले कॉम्प्युटर पुजतो. भाऊंच्या गाळ्यातल्या जुन्या मशिनी भंगारात गेलेल्या. पुजायला तिथं काही नाहीच! टीव्हीची पूजा करा म्हटलं तर म्हणाले, "तो फक्त दाखवते. काम कुठं करते?" रिमोटची करा म्हटलं तर, "तो फक्त सांगते." काम करणारी मशीन तर शेकडो कोस लांब, ना पाहिलेली ना ठिकाण माहीत. भाऊ ताट हातात घेऊन गाळ्यात गोल फिरले. शेवटी बाहेरची तार ज्या छिद्रातून आत येत होती तिथं थांबले, आणि त्या भिंतीला हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल तारेत खोवून, मनापासून हात जोडले.

वहिनी दारातून बघत होत्या. मला म्हणाल्या, "पाहा वो बाई. देव सोडून भिंतीले कुंकू लावून राहिला तुमचा भाऊ."

"जिथून येते तिथं हात जोडावं," भाऊ म्हणाले, आणि नारळाचा तुकडा आम्हा दोघींच्या हातावर ठेवला.

ते फूल दुसऱ्या दिवशी माकडांनी नेलं, तारेसकट. आमच्याकडे माकडं फार. कडुनिंबावरून उडी मारायची आणि तारेला झोका घ्यायचा, हा त्यांचा खेळ. तो कधी अडखळला नाही.

असं सगळं चाललं होतं. गाळ्यात येणारे कमी होत गेले. पावसाळ्यात तर दिवसचे दिवस भाऊ एकटेच बसलेले. त्यात त्यांना रक्तदाबाची चक्कर आली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग दिवाळीच्या आधी लेक आली. नागपूरला कॉलेजात शिकवते. एकुलती एक, बापासारखीच हट्टी आणि बापावर जीव. तिनं एक दातांचा डॉक्टर बघून ठेवला होता. त्याला हा गाळा हवा होता. तिचं म्हणणं सरळ होतं. गाळा डॉक्टरला द्यायचा, घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी नागपूरला यायचं.

हे बोलणं माझ्या दुकानातच झालं, कारण लेकीचा ब्लाउज मी शिवत होते.

"बाबा, कोणी येत नाही तिथं. तुम्ही कोणासाठी शटर उघडता?"

"येतील."

"कधी?"

भाऊंनी टेबलावरची कात्री बाजूला सारली. मग म्हणाले, "गोंद्यात प्रत्येकापाशी काही ना काही आहे. खेड्यात काहीच नाही. मी खेड्यात नेतो. एक टीव्ही, एक नेटची डब्बी, बस. सौंदडले तुझा मामा पडवी द्यायले तयार आहे. यंदाच्या मंडईत मांडतो. दहा गावं येतात. चालला तर गावोगाव असे गाळे होतील, आणि त्या साऱ्यांचं मूळ घर हा गाळा. नाही चालला..."

"नाही चालला तर?"

"तर डॉक्टरले बोलाव."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही साक्षीदार बरं."

मंडई ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की प्रत्येक गाव आपापली मंडई भरवतं. जत्राच म्हणा. लेकी, जावई, पाहुणे, आजूबाजूची सगळी गावं. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक. भाऊंनी सौंदडची निवडली, वहिनींचं माहेर म्हणून.

आणि माणूस हुशार, म्हणून आधी जाऊन तपासून आला. वहिनींच्या भाचीची मापं घ्यायची होती म्हणून मीही बल्लारशाच्या गाडीनं सोबत गेले. धान कापणीचे दिवस. मामाच्या पडवीत टीव्ही लावला, नेटची डब्बी जोडली, आणि काय सांगू, तो मोटारींचा खेळ लोण्यासारखा चालला! बटन दाबलं की गाडी वळली. भाऊ उठून उभे राहिले. "गोंद्यापेक्षा भारी आहे जी इथं! टॉवर समोर, काही अडथळाच नाही!" परत येताना गाडीत ते अख्ख्या डब्याला राइस मिल समजावत होते.

तिथंच चुकलं. माझ्याही ध्यानात नाही आलं, वहिनींच्याही नाही. त्या दिवशी गाव रिकामं होतं. झाडून सगळे बांधीत धान कापत होते. अख्खा टॉवर भाऊंचा एकट्याचा होता.

मंडईच्या दिवशी पडवीसमोर ही गर्दी. एकीकडे जिलेबी, एकीकडे बांगड्या, पाळणे, पोंगे, मध्ये दंडार रंगलेली. आणि पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत प्रत्येकाच्या हातात मोबाईल वर धरलेला. कोणी दंडार दाखवून राहिलं पुण्यातल्या पोराला, कोणी जिलेबी दाखवून राहिलं सुरतेतल्या भावाला. भाऊंनी पांढरा सदरा घातलेला, केस विंचरलेले. टीव्ही लावला. गाडी आली. रस्ता आला. आणि गाडी थबकली. मग तिचे चौकोन चौकोन झाले, जसं कोणी चिंध्या जोडून गाडी शिवावी. मग चाकं पुढं गेली आणि टप मागं राहिला.

"भाऊ, गाडी पंक्चर झाली का?"

"डिझेल संपलं असन!"

"यापेक्षा आमच्या पटाची बैलजोडी बरी जी, धावते तरी!"

लोक वाईट नव्हते. हसत होते, वाट पाहत होते, पुन्हा हसत होते. भाऊ डब्बी उंच धरून पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. मग झाडाखाली गेले. मग खुर्चीवर चढले. सदरा घामानं ओला. नागपूरहून मंडईला आलेली लेक पुढं झाली, "बाबा, उतरा खाली, चक्कर येईल." भाऊंनी खुर्चीवरूनच गर्दीकडे पाहिलं, वर धरलेल्या त्या सगळ्या मोबाईलांकडे पाहिलं, आणि मला दिसलं, त्यांना समजलं. उंच धरलेली डब्बी हळूहळू खाली आली.

माझ्या शेजारी वहिनी उभ्या होत्या. जन्मभर त्या गाळ्याला शिव्या दिलेली बाई. त्यांनी पदर खोचला, गर्दीतून सरळ दंडारीच्या मांडवात गेल्या आणि नाचणाऱ्यांसमोरचा माइक उचलला. ढोलकीवाला थांबला.

"मी या गावची लेक आहो," वहिनी म्हणाल्या. "दरसाल भाऊबीजेले या गावातले भाऊ मले ओवाळणी टाकतात. यंदा पैसे नोका टाकू. आपापला मोबाईल बंद करा. एक डाव. माझ्या माणसाचा खेळ होऊ द्या. मंग चालू करा."

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. मग एक म्हातारा म्हणाला, "अरे लेक मागून राहिली, कायले पाहता?" आणि त्यानं आपला मोबाईल बंद करून बंडीच्या खिशात टाकला. मग दुसऱ्यानं. "जावयाचा फोन येईन वो माय!" "येऊ दे, तो काही पळून नाही जात!" हसत, कुरकुरत, एकमेकांचे हात खाली ओढत त्या मंडईनं मोबाईल बंद केले. असं मी आधी पाहिलं नव्हतं, पुढं पाहीन असं वाटत नाही.

आणि पडद्यावरची गाडी जुळून आली.

लोकांनी आरडाओरडा केला. भाऊंनी रिमोट कोणाला द्यावा? पुढं कितीतरी हात आलेले. ते वहिनी परत येईपर्यंत थांबले आणि त्यांच्या हातात दिला. "तू चालव."

"मले कुठं येते?"

"येते."

वहिनींनी गाडी चालवली. काय चालवली! डाव्या बाजूनं, बैलगाडी हाकावी तशी. मागून दुसरी गाडी आली की बाजूला होऊन थांबायच्या. "जाऊ दे बापा त्याले, घाई दिसते." सगळं सौंदड ओरडतंय, "आत्या, दाब ना! दाब ना जोरानं!" आणि वहिनी वळणावर थांबून दोन्हीकडे पाहून राहिल्या. सगळ्यात शेवटी पोहोचल्या. लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की पाळण्यावरचे लोक खाली उतरून आले. भाऊ पडद्याकडे बघतच नव्हते. ते बायकोकडे बघत होते, तोंड उघडं ठेवून.

डाव संपला. मोबाईल चालू झाले. एक, मग चार, मग सगळे. गाडीचे पुन्हा चौकोन झाले आणि ती तशीच थिजली.

सामान बांधताना मामा म्हणाले, "भाऊजी, पडवी तुमचीच आहे. लावा इथं." लेक तर रडवेली झालेली. ती म्हणाली, "बाबा, राहू द्या तो गाळा. मी डॉक्टरांना नको म्हणून सांगते. पाहिलं ना, लोक कसे ओरडत होते."

भाऊ तार गुंडाळत होते, माप घेतल्यासारखी कोपरावरून. म्हणाले, "एका खेळासाठी साऱ्या गावानं श्वास धरून बसावं, हा धंदा नाही बेटा. आज तुझ्या आईसाठी धरला. रोज कोण धरीन?" मग जरा वेळानं, "डॉक्टरले बोलाव."

लेक म्हणाली, "पण मी तर हो म्हणतेय ना आता."

"म्हणूनच सांगून राहिलो. आता मले रुसून नाही जावं लागत."

परतीच्या गाडीत मला वाटलं होतं, हे मोडले. पण नाही. आमगावकडची एक बाई समोर बसली होती, तिला ते समजावायला लागले. "मरत नाही ही गोष्ट. तार जमिनीतून येईन, घराघरात येईन, तेव्हा चालन. फक्त तेव्हा तिले कोणी वेगळं दुकान देणार नाही. टीव्हीच्या पोटात बसून येईन, मोबाईलच्या पोटात बसून येईन, दुसऱ्या कशाच्या तरी सोबत फुकट मिळन. मी तिचं दुकान मांडलं, ते चुकलं. ती दुकान नाही. ती पाहुणी आहे." त्या बाईला काय कळलं देव जाणे. तिनं त्यांना अर्धी पपई दिली.

डॉक्टर आले. तरुण पोरगा, मवाळ बोलणारा, लोकांचे दात काढतो असं वाटणारही नाही. गाळ्याला पांढरा रंग दिला, खुर्च्या मांडल्या, आणि पेशंटांनी आपापलं दुखणं विसरावं म्हणून समोर टीव्ही लावला. तोवर आमच्या रस्त्यावर जमिनीखालून नवी तार आलेली. त्या टीव्हीत, डॉक्टरांनी मागितलं नव्हतं तरी, खेळ होते. सिनेमे, भजनं, बातम्या, आणि एका कोपऱ्यात खेळ, सगळं एकाच पैशात. भाऊंनी सामान हलवताना रिमोट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला, "असू द्या, पेशंटाले लागन," म्हणून, आणि वहिनींना घेऊन नागपूरच्या गाडीत बसले.

नागपूरला सगळं झकास चालतं म्हणे. फोनवर वहिनी सांगतात, "अडकत नाही की फडकत नाही. सकाळी मी दोन डाव खेळते, मंग चूल पेटवते." आणि भाऊ? "ते बसून राहतात. म्हणतात, इथं सारं येते, पण माणूस नाही येत."

गेल्या महिन्यात भाऊ अचानक एकटेच आले, सकाळच्या गाडीनं. मला म्हणाले, दाढ दुखून राहिली. नागपुरात दातांचे डॉक्टर नाहीत की काय, असं मी विचारलं नाही. नंबर लावून आत जाऊन बसले. डॉक्टरांकडे त्या दिवशी गर्दी. मुर्रीची एक बाई गाल सुजवून आलेली, तिच्या हातात रिमोट, आणि बाकीचे पेशंट गाल धरून मागे उभे. "डावीकडं घ्या ना वो काकू! डावीकडं!" समोरचा कॉम्प्युटरवालाही तिथंच, त्याचा एकही दात दुखत नसताना. डॉक्टर पडदा सारून नाव पुकारायचे, तर उत्तर यायचं, "थांबा जी डॉक्टर, एक फेरी राहिली." भाऊंचा नंबर आला की ते शेजारच्याला म्हणायचे, "तुम्ही जा पुढं, मले घाई नाही." असं त्यांनी दिवसभर केलं.

शेवटी संध्याकाळी कोणी उरलं नाही तेव्हा डॉक्टरांनी त्यांना आत नेलं, तोंड उघडायला लावलं, दिवा धरला, आणि मग बाहेर माझ्याकडे आले. "काकू, यांना कवळी आहे. वरची आणि खालचीही. दाढ कुठली दुखते म्हणतात?"

मी तोंडातला दोरा दातांनी तोडला आणि म्हटलं, "असेल एखादी, आम्हाला न दिसणारी."

भाऊ खुर्चीतून उतरले, सदरा झटकला, डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला. "राहू द्या डॉक्टर," म्हणाले, "आता बरं वाटून राहिलं." आणि नागपूरची गाडी चुकू नये म्हणून लगबगीनं स्टेशनकडे निघाले.